पहाटेचं माचू पिक्चू: कॅमेरा घेऊन जाणाऱ्या गोंयकारांसाठी

रानवाट (फोंडा) · ५ जुलै, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. जून संपता संपता पेरूहून परतलो. इथे पाऊस धो धो कोसळतोय, लाइट सारखी जातेय, त्यामुळे फोटो निवडायचं काम रखडलंय. म्हटलं, तोवर लिहून काढावं. इथल्या दोघा-तिघांनी मागे विचारलं होतं की पहाटेच्या फोटोंसाठी माचू पिक्चूला, म्हणजे इंकांच्या त्या डोंगरावरच्या जुन्या शहरात, जायचं तर नेमकं काय करायचं. मी तिथे दोन सकाळी काढल्या. एक हातची गेली, एक मिळाली. दोन्हींबद्दल लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. घड्याळातला सूर्योदय आणि दगडावर पडणारं ऊन, यांत तिथे जवळजवळ तासाचं अंतर आहे. जूनमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. पण माचू पिक्चू २,४३० मीटरवर, डोंगराच्या खांद्यावर बसलेलं आहे आणि पूर्वेला त्याहून कितीतरी उंच डोंगर उभे आहेत. सूर्य त्यांच्या माथ्याशी येईपर्यंत अवशेष सावलीतच. मला पहिलं ऊन दिसलं ते सात वाजून दहा मिनिटांनी. माझ्यासोबत सहाला आत शिरलेले पुष्कळ जण तोवर धुक्याचे चार फोटो काढून, हिरमुसून पुढे निघून गेले होते.

आता तिकीट. २०२४ च्या जूनपासून आत फिरायला तीन सर्किटं, म्हणजे ठरवून दिलेल्या वाटा, आहेत आणि प्रत्येकात वेगवेगळे मार्ग. सर्किट १ वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवरून जातं. कॅलेंडरवर दिसतो तो फोटो इथून मिळतो, पण शहरात उतरता येत नाही. सर्किट २ मध्ये तो फोटोही मिळतो आणि खाली शहरातूनही फिरता येतं. सर्किट ३ खालच्या भागातून जातं, सूर्यमंदिर जवळून दिसतं, पण वरचं ते दृश्य नाही. वाट एकाच दिशेची. पुढे गेलात की मागे फिरता येत नाही आणि बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत.

माझी पहिली सकाळ इथेच गेली. ज्या एजंटाकडून तिकिटं काढली त्याला मी 'वरचा फोटो हवा' असं तीनदा सांगितलं होतं. हातात आलं ते सर्किट ३. दारावर कळलं. तिथला माणूस शांतपणे नकाशावर बोट ठेवून म्हणाला की या तिकिटावर वर जाता येणार नाही. इतक्या लांब येऊन, पहाटे चारला उठून, अंधारात रांगेत उभं राहून हे ऐकायचं! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवसाचं तिकीट खालच्या गावात मिळालं, पण रांगेत अर्धा दिवस गेला आणि मिळेल याची खात्री नव्हती. तेव्हा तिकीट हातात आल्या आल्या सर्किटचा आकडा स्वतः वाचा. आणि जमलं तर आधीच दोन सकाळींची तिकिटं काढा. ढगांच्या जंगलात एका सकाळीच्या भरवशावर राहू नये.

अजून एक, खास आपल्यासाठी. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं आणि दारावर मूळ पासपोर्ट बघतात. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून एकाच घरात आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं चालतात. पासपोर्टवर असेल तेच स्पेलिंग टाका.

वर जायला खालच्या आग्वास कालिएंतेस गावातून पहाटे साडेपाचच्या सुमारास बस सुरू होतात. वीस-पंचवीस मिनिटं नागमोडी घाट. रांग मात्र त्याच्या कितीतरी आधी लागते. मी सव्वाचारला उभा राहिलो आणि माझ्यापुढे निदान शंभर माणसं होती. पायऱ्यांनी चढूनही जाता येतं, साधारण चारशे मीटरची उभी चढण आहे, पण वर पोचल्यावर हात थरथरतात आणि ट्रायपॉड तर न्यायलाच बंदी. सेल्फी स्टिक, ड्रोन, मोठी पाठपिशवी, तेही नाही.

दुसऱ्या सकाळी सर्किट २ होतं. सहाला आत. वरच्या सज्जावर, रखवालदाराच्या झोपडीपाशी पोचलो तर समोर काहीच नव्हतं. पांढरं. खाली उरुबांबा नदीचा आवाज तेवढा येत होता. साडेसहाला त्या पांढऱ्यातून एक काळी कड दिसली आणि पुसली गेली. पावणेसातला वायना पिक्चूचं टोक वर आलं, म्हणजे शहरामागचा तो उभा सुळका. मग सातनंतर ऊन आधी त्या सुळक्याच्या माथ्याला लागलं आणि तिथून हळूहळू खाली उतरायला लागलं. धुकं खालून वर येत होतं, ऊन वरून खाली येत होतं, आणि मधे ते भिंतींचं शहर. सगळं मिळून अकरा मिनिटं. त्यानंतर ढगाने परत झाकलं.

त्या अकरा मिनिटांसाठी मी चार हिवाळे शापोऱ्याच्या किल्ल्यावर सराव केला होता. त्याबद्दल कुणाला ऐकायचं असेल तर लिहितो. आता लाइट परत गेली.

आबोली (डिचोली) · ५ जुलै, रात्री १०.०५

दादा, वाचताना अंगावर काटा आला. आईबाबांना पुढच्या मे महिन्यात न्यायचा विचार आहे. बाबा चौसष्ट वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, पण कॅमेरा त्यांचा जीव की प्राण. उंचीचा त्रास होतो का? आणि शाकाहारी जेवण मिळतं का? शापोऱ्याचंही लिहाच.

मांडवीकाठ (पणजी) · ६ जुलै, सकाळी ७.४०

तुमचं वर्णन छान आहे, पण मी उलट सांगेन. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी सहाचं तिकीट काढलं होतं. आठ वाजेपर्यंत पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसलं नाही. रखवालदार शिट्टी वाजवून पुढे सरकवत होते, वाट एकाच दिशेची, त्यामुळे वरच्या सज्जावरून खाली उतरावंच लागलं. खाली पोचलो आणि मागे वर बघतो तर आकाश निळंशार. माझ्यासोबतची एक बाई दुपारच्या वेळेला आत गेली आणि स्वच्छ फोटो घेऊन आली. पहाट म्हणजे जुगार आहे. हजारो मैल जाणाऱ्याला, त्यातही वयस्कर माणसांना, जुगार खेळायला सांगू नये. आठ-नवाची वेळ घ्या, नीट नाश्ता करून जा.

रानवाट (फोंडा) · ६ जुलै, दुपारी १.३०

मांडवीकाठ काका, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते इथे लिहिलंत हे बरं झालं. ऑक्टोबर म्हणजे तिकडे पावसाची चाहूल. मे ते सप्टेंबर कोरडे महिने. ज्यांना सगळं शहर लख्ख बघायचंय त्यांनी उशिराचीच वेळ घ्यावी.

पण फोटोच हवा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. आपण विषुववृत्ताच्या वर साडेपंधरा अंशांवर, ते खाली तेरा अंशांवर. म्हणजे सगळं आरशातल्यासारखं उलटं. आपल्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तसा तिकडे जूनमध्ये उत्तरेला. आणि त्या प्रसिद्ध सज्जावरून वायना पिक्चूकडे बघताना तोंड साधारण उत्तरेलाच असतं. अकरा-बाराला सूर्य समोरून डोळ्यांत येतो, दरीत पांढुरकी धूळ तरंगल्यासारखं दिसतं, भिंती सपाट होतात. सकाळी सात-साडेसातला मात्र ऊन उजव्या हाताने, आडवं येतं. प्रत्येक पायरीची, प्रत्येक भिंतीची सावली डावीकडे पडते. शेतांच्या त्या पायऱ्या मोजता येतात. माझ्या पहाटेच्या आग्रहाचं कारण हे आहे, सूर्यबिंब नव्हे. सूर्यबिंब तर माझ्या एकाही फोटोत नाही.

आबोली, तुझ्या प्रश्नांचं. माचू पिक्चूपेक्षा कुस्कोच जास्त उंच आहे, ३,४०० मीटर. आपण समुद्रसपाटीची माणसं, विमानातून थेट तिथे उतरलो की डोकं धरतंच. मी कुस्कोत थांबलोच नाही, उतरल्या उतरल्या गाडी करून खालच्या दरीत ओयांतायतांबोला गेलो. ते साधारण २,८०० मीटर. तिथे दोन रात्री झोपलो. माचू पिक्चूची ट्रेनही तिथूनच मिळते, आग्वास कालिएंतेसपर्यंत गाडीरस्ता नाहीच. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, घोट घोट प्यायचा. बाबांना निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून ने. गुडघ्यांसाठी बसच घ्या, आणि आत पायऱ्या उंच व ओबडधोबड आहेत हे धरून चाला. शौचालय आत नाही, दाराबाहेर आहे, हे आईला आधीच सांग.

जेवणाची काळजी नको. किन्वाचं सूप, मका, आणि बटाटे. किती प्रकारचे बटाटे!

चिरेबंदी (पेडणे) · ६ जुलै, रात्री ८.५५

बटाट्यावरून आठवलं. बटाट्याचं मूळ घर हे तेच डोंगर. तिथून युरोप, आणि आपल्या ताटात पोर्तुगीजांच्या हातून. 'बटाटा' हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला.

मला बांधकामाची आवड, म्हणून दोन शब्द. ते शहर पंधराव्या शतकातलं, इंका राजा पाचाकुतीच्या काळातलं. साधारण शंभर वर्षांत ओस पडलं. २४ जुलै १९११ ला अमेरिकन संशोधक हायरम बिंगम तिथे पोचला आणि जगभर बातमी झाली, पण त्या पायऱ्यांवर तेव्हा शेतकरी कुटुंबं राहत होती, शेती करत होती. 'शोध लागला' असं आपण सरसकट म्हणतो ते मला पटत नाही. आपल्याकडच्या जुन्या जागांबद्दलही असंच बोललं जातं आणि पायथ्याच्या गावाला ते कायम ठाऊक असतं.

ते टिकलं कशामुळे? ग्रॅनाइटचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले, भिंती किंचित आत कललेल्या, दारं-खिडक्या वर अरुंद नि खाली रुंद. भूकंपात दगड हलतात आणि परत बसतात. पण खरी करामत जमिनीखाली आहे. तिथे पाऊसही भरपूर. त्या शेतांच्या पायऱ्यांखाली वर माती, मग रेती-खडी, मग मोठे दगड असे थर आहेत, त्यातून पाणी झिरपून निघून जातं. पाणी साचलं असतं तर अख्खा डोंगर घसरून नदीत गेला असता.

आता आपला शापोरा बघा. चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाचा. आदिलशाहीतला जुना कोट, संभाजी महाराजांची १६८३-८४ मधली बारदेशावरची स्वारी, मग १७१७ साली पोर्तुगीजांनी बांधलेला आजचा किल्ला, १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडे, दोनच वर्षांनी परत पोर्तुगीजांकडे. १८९२ ला तो सोडून दिला. तेव्हापासून दरवर्षीचा पाऊस अंगावर घेतोय. चिरा हवेत कडक होतो, पण सांध्यातला चुना धुतला गेला की मधली भर सुटते. त्यात पिंपळाची मुळं. आणि त्यावर आपण! फोटोसाठी तटाच्या टोकाला चढणारी पोरं मी दर रविवारी बघतो. पायाखालचा चिरा डुगडुगत असतो. माचू पिक्चूत भिंतीला टेकू देत नाहीत, बरोबर ना? तिथे आपण मुकाट ऐकतो. इथे मात्र तटावर बाटल्या फुटतात. याचं मला मनापासून दुःख होतं.

रानवाट (फोंडा) · ७ जुलै, रात्री ९.२०

बरोबर. टेकायचं नाही, चढायचं नाही, बसायचं नाही. मी एका भिंतीवर कोपर ठेवलं तर रखवालदाराने लगेच हाताने खूण केली. मी माफी मागितली.

आता शापोऱ्याचं. एका हिंदी चित्रपटाने तो किल्ला गाजवला आणि तेव्हापासून सगळे तिथे संध्याकाळी जातात. पहाटे कुणी नसतं. डिसेंबर-जानेवारीत शापोरा नदीवर धुकं असतं, नदीचं मुख, पलीकडे मोरजीची वाळूची जीभ, मागे बारदेश-पेडण्याचे डोंगर. मी तिथे ट्रायपॉड न वापरता काढायला शिकलो, कारण पेरूत तो मिळणार नव्हता. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, कॅमेऱ्याचा पट्टा मानेवर ताणून धरायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि हलकेच दाबायचं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० वर ठेवून सेकंदाच्या साठाव्या भागाला माझे दहातले सात फोटो स्थिर यायला दोन हिवाळे लागले. तिकडे पहिल्या अर्ध्या तासात नेमके तेच आकडे कामी आले.

धुक्याचंही तिथेच कळलं. कॅमेऱ्याला पांढरं दिसलं की तो ते करड्यावर आणतो. धुकं राखेसारखं, मेलेलं दिसतं. एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्यायचा, मग धुकं धुक्यासारखं येतं. पण ऊन आलं की लगेच परत शून्यावर. माझ्या अकरा मिनिटांतली पहिली दोन मी हे विसरल्यामुळे गेली. सुळक्याचा माथा पांढराफटक जळलेला आहे, दुरुस्त होत नाही.

आणि दगडाचा रंग. शापोऱ्याचा चिरा पहाटे आधी जवळजवळ काळा दिसतो, दवाने ओला असतो म्हणून. मग ऊन लागलं की आतून विस्तव फुंकल्यासारखा तांबडा होतो. तिकडचा ग्रॅनाइट निळसर करड्यातून मधाच्या रंगावर जातो, पण इतक्या हळू की डोळ्याला कळत नाही. फोटो ओळीने लावले तेव्हा कळलं. त्यातल्या एका फोटोत खालच्या पायरीवर एक लामा उभा आहे, त्याच्या पाठीवरच्या लोकरीवर धुक्याचे थेंब चमकताहेत. तो मला काढताना दिसलाही नव्हता.

मांडवीकाठ (पणजी) · ७ जुलै, रात्री १०.१५

बाजूने येणाऱ्या उन्हाचं पटलं. दुपारी गेलेल्या त्या बाईचे फोटो परत उघडून बघितले. आकाश सुंदर आहे, पण पायऱ्या खरंच एकात एक मिसळल्यात. तरीही माझं मत तेच: वयस्करांना उशिराची वेळ. मधला मार्ग म्हणून सातची वेळ कशी वाटते?

लेन्सबद्दलही लिहा. माझ्या लेन्सवर तिथे सारखे थेंब जमत होते. आणि परतल्यावर पावसाळ्यात आत बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

रानवाट (फोंडा) · ८ जुलै, दुपारी २.१०

सातची वेळ चांगली. निळा प्रहर, म्हणजे ऊन पडण्याआधीचा निळसर उजेड, जाईल, पण आडवं ऊन मिळेल. आबोली, बाबांसाठी हेच कर. फक्त दारातून सज्जावर पोचायला त्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतील असं धर.

थेंबांसाठी: लेन्सच्या तोंडावरचा हूड कायम लावून ठेवायचा, लेन्सचं तोंड खाली करून कॅमेरा धरायचा, आणि खिशात दोन सुती फडकी, एक पुसायला, एक कोरडं राखीव. जुन्या धोतराचं मऊ झालेलं कापड मला कुठल्याही विकतच्या फडक्यापेक्षा बरं वाटलं. आपल्याकडे उलटा प्रकार होतो. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काच आतबाहेर धुरकट होते. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यायची.

बुरशीबद्दल: जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात ठेवू नका, चामड्याच्या पिशवीत तर मुळीच नाही. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, रंग बदलला की गरम करून परत वापरायचं. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी आत जाते. आणि दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून दोन-चार फोटो काढा. धरलेली बुरशी लवकर साफ करून घ्या. उशीर झाला तर काचेवरचा लेपच खाते.

आबोली (डिचोली) · २० जुलै, रात्री ९.४८

तिकिटं झाली! सर्किट २, मे महिन्यात, लागोपाठ दोन सकाळी, सातची वेळ. सर्किटचा आकडा मी वाचला, बाबांनी वाचला, आईनेही वाचला. पासपोर्टवर बाबांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, तेही जुळवून घेतलं. ते आजपासूनच श्वास धरून पंख्याचे फोटो काढताहेत.

दादा, डिसेंबरात शापोऱ्यावर आम्हाला घेऊन जाल का? बाबांना रस्ता माहीत नाही आणि अंधारात मी एकटी नेणार नाही.

चिरेबंदी (पेडणे) · २० जुलै, रात्री १०.३०

मीही येतो. येताना दोन रिकामी पोती आणतो. फोटो झाले की तटाखालच्या बाटल्या उचलू.

रानवाट (फोंडा) · २१ जुलै, सकाळी ६.५५

नक्की. डिसेंबरचा दुसरा रविवार धरू. तेव्हा सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, त्यामुळे सहाला पायथ्याशी, वागातोरच्या बाजूला. त्या बाजूची वाट बाबांना सोपी पडेल, पण खडी सुटी आहे, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. प्रत्येकाकडे टॉर्च हवा. तटावर कुणी चढणार नाही. दरवाजातून आत गेल्यावर उजवीकडे, नदीच्या अंगाला थांबायचं. मासेमारीच्या होड्या त्या वेळी परत येत असतात, बाबांना त्या आवडतील. चहा मी थर्मासमध्ये आणतो. म्हापशाला पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे पाव कुणी घेईल का?